बदललेले इंजिन, स्वतंत्र ईसीयू आणि नागपूरचा उन्हाळा

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवले, कॅमशाफ्ट बदलला, एक्झॉस्ट मोकळा केला किंवा टर्बो जोडला, की इंजिन दर आवर्तनात ओढून घेत असलेल्या हवेचे प्रमाण बदलते. कंपनीने मूळ इंजिनासाठी बसवलेला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, हा बदल काही मर्यादेपर्यंतच सांभाळून घेतो. ती मर्यादा ओलांडलेल्या इंजिनासाठी बाजारात स्वतंत्र ईसीयू मिळतात: ऑस्ट्रेलियातील हॅलटेक आणि मोटेक, न्यूझीलंडमधील लिंक, पोलंडमधील ईसीयूमास्टर, आणि ज्यांना सोल्डरिंगची सवय आहे त्यांच्यासाठी मेगास्क्वर्ट किंवा आर्डुइनोवर आधारलेला स्पीडुइनो. नागपुरात जुन्या एस्टीम, जिप्सी किंवा होंडा सिटीवर असे काम करून घेणारे हौशी आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांची समजूत अशी असते की महागडा ईसीयू लावला म्हणजे ताकद आपोआप वाढते. ईसीयू ताकद निर्माण करत नाही. किती पेट्रोल सोडायचे आणि ठिणगी कोणत्या क्षणी टाकायची, हे दोन निर्णय तो घेतो, आणि तेही आपण त्याच्यात भरलेल्या आकड्यांवरून घेतो. नवा, कोरा ईसीयू इंजिनाबद्दल काहीही जाणत नाही. म्हणून ट्यूनिंगचे खरे काम मोजमापाचे आहे, आणि नागपूरसारख्या ठिकाणी, जिथे डिसेंबरची पहाट १० ते १२ अंशांची असते आणि मे महिन्याची दुपार ४५ अंशांपलीकडे जाते, तिथे हे मोजमाप एकाच ऋतूत उरकून चालत नाही.

सुरुवातीलाच हे सांगायला हवे की प्रत्येक बदललेल्या गाडीला स्वतंत्र ईसीयू लागत नाही. अलीकडच्या गाड्यांमध्ये इमोबिलायझर, एबीएस, मीटर आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल हे सर्व एकमेकांशी कॅन जाळ्यावरून, म्हणजे गाडीतील संगणकांना जोडणाऱ्या सामाईक वायरींवरून, बोलत असतात. तिथे मूळ ईसीयू काढला, तर मीटरवरचा काटासुद्धा हलत नाही, अशी वेळ येते. अशा गाडीत मूळ ईसीयूमधील माहितीच बदलणे, ज्याला रीमॅप म्हणतात, अधिक शहाणपणाचे ठरते. दुसरा मार्ग पिगीबॅकचा. बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक हा त्याचा आपल्याकडील परिचित नमुना आहे. पिगीबॅक मूळ ईसीयू आणि इंजिन यांच्यामध्ये बसून इंजेक्टरचा, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या झडपेचा, व ठिणगीचा संदेश थोडा पुढेमागे करतो. साध्या बदलांना तो पुरतो. टर्बो, मोठे इंजेक्टर किंवा मुळात कार्बोरेटरवर असलेले इंजिन असेल, तर मात्र स्वतंत्र ईसीयूला पर्याय नाही.

हवेचा हिशेब

बहुतेक स्वतंत्र ईसीयू हवेचे वजन थेट मोजत नाहीत, ते काढतात. इनटेक मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील, दाब एमएपी सेन्सर सांगतो, हवेचे तापमान दुसरा सेन्सर सांगतो, सिलिंडरचे आकारमान ठरलेले असते, आणि उरतो तो एकच अज्ञात आकडा: त्या वेगाला आणि त्या दाबाला सिलिंडर प्रत्यक्षात किती टक्के भरतो. याला व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी किंवा थोडक्यात व्हीई म्हणतात, आणि ट्यूनरच्या पडद्यावर दिसणारा आकड्यांचा मोठा तक्ता हा बहुधा त्याचाच असतो.

पेंचच्या सफारीत धावणाऱ्या जिप्सीचे उदाहरण घेऊ. मारुतीचे ते १२९८ सीसीचे इंजिन आहे, म्हणजे एका सिलिंडरला सुमारे ३२४ सीसी. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच असल्यामुळे पूर्ण थ्रॉटलवरही मॅनिफोल्डमध्ये साधारण ९७ किलोपास्कल दाब मिळतो. हवा ४५ अंशांची आणि व्हीई ८५ टक्के धरली, तर सिलिंडरमध्ये एका वेळी ०.२९ ग्रॅम हवा जाते. तीच हवा १२ अंशांची असेल, तर वजन ०.३३ ग्रॅम होते. इंजिन तेच, थ्रॉटल तेवढाच, आणि फरक जवळजवळ १२ टक्क्यांचा. ईसीयूमध्ये तापमानाचा सेन्सर योग्य रीतीने बसवलेला आणि नोंदवलेला असेल, तर हा फरक तो स्वतः सांभाळतो. नसेल, तर हिवाळ्यात गोड चालणारी गाडी उन्हाळ्यात पेट्रोल पिते आणि काळा धूर सोडते, किंवा उन्हाळ्यात जुळवलेली गाडी डिसेंबरमध्ये लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते.

आता पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. या प्रमाणाला लॅम्डा १ म्हणतात. इथेनॉलला मात्र ९ भागच हवा पुरते, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. आज पंपावर मिळणाऱ्या ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलसाठी हे प्रमाण १३.५ च्या आसपास येते. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन किंचित रिच, म्हणजे पेट्रोल थोडे जास्त आणि लॅम्डा १ च्या खाली, चालवावे लागते. टर्बो नसलेल्या इंजिनाला लॅम्डा ०.८८ हे योग्य लक्ष्य मानू. तर वरच्या उन्हाळी उदाहरणात शुद्ध पेट्रोल २२.७ मिलिग्रॅम लागले असते, ई-२० मात्र २४.७ मिलिग्रॅम लागते. इंजेक्टर मिलिसेकंदाला ३ मिलिग्रॅम सोडत असेल, तर तो ७.६ ऐवजी ८.२ मिलिसेकंद उघडा राहायला हवा. परदेशातून इंटरनेटवरून उतरवलेला तयार मॅप, म्हणजे ईसीयूत भरायच्या आकड्यांचे तक्ते, इथे का चालत नाही, याचे एक कारण या ९ टक्क्यांत आहे. जुन्या गाडीच्या मूळ ईसीयूला ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने काही दुरुस्ती करता येते. पण ती दुरुस्ती सामान्य वेगाला आणि हलक्या भाराला होते, पूर्ण थ्रॉटलवर बहुतेक ईसीयू त्या सेन्सरकडे पाहत नाहीत.

याच हिशेबातून मोठे इंजेक्टर का लागतात तेही दिसते. ६५०० आरपीएमला इंजिनाचे एक आवर्तन, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्या, १८.५ मिलिसेकंदांत संपते. याच इंजिनाला टर्बो लावून १ बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जादा दाब, दिला, इंटरकूलरने हवा ६० अंशांपर्यंत खाली आणली आणि सुरक्षिततेसाठी लॅम्डा ०.८० ठेवला, तर एका आवर्तनात सुमारे ५३ मिलिग्रॅम ई-२० लागते. इंजेक्टर उघडायला लागणारा १ मिलिसेकंद धरून त्याला १८.६ मिलिसेकंद उघडे राहावे लागेल, म्हणजे आवर्तन संपले तरी पेट्रोल पूर्ण पडलेले नसेल. इंजेक्टरचा वापर एकूण वेळेच्या ८० ते ८५ टक्क्यांपुढे नेऊ नये, असा संकेत आहे. कोणताही ईसीयू लहान इंजेक्टरमधून मोठा प्रवाह काढू शकत नाही, आणि हे गणित खरेदीच्या आधी करायचे असते.

मॅपच्या आधीची कामे

मॅपला हात लावण्यापूर्वी काही गोष्टी निश्चित कराव्या लागतात, आणि घाईत काम करणारे गॅरेज नेमके इथेच वेळ वाचवते. पहिली गोष्ट टायमिंगची, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते याची, खात्री. क्रँकवर दातांचे एक चाक असते. ६० दातांपैकी २ गाळलेले किंवा ३६ पैकी १ गाळलेला, अशी त्याची प्रचलित रचना असते, आणि त्या गाळलेल्या जागेवरून ईसीयूला पिस्टन कुठे आहे ते कळते. ईसीयूने पडद्यावर (पिस्टन वर पोहोचण्याआधी क्रँकचे) १० अंश दाखवले, म्हणजे ठिणगी खरोखर १० अंशांवर पडते असे नाही. त्यासाठी क्रँक पुलीवरची खूण स्वच्छ करून त्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढावी, ईसीयूमध्ये टायमिंग १० अंशांवर स्थिर करावे आणि टायमिंग लाइट धरून पाहावे. प्रकाशाच्या झपाझप उघडझापीत ती पांढरी रेघ १० च्या खुणेवर स्थिर उभी दिसली पाहिजे. मग इंजिन ४००० आरपीएमपर्यंत न्यावे. रेघ तिथेच राहिली तर ठीक. ती हळूहळू एका बाजूला सरकू लागली, तर बहुधा सेन्सरच्या दोन वायरी उलट जोडलेल्या असतात किंवा ईसीयूमध्ये सेन्सरच्या संदेशाची चुकीची कड (चढती की उतरती) निवडलेली असते. हे न तपासता पुढे केलेला संपूर्ण मॅप खोट्या पायावर उभा राहतो, कारण पडद्यावरचे २५ अंश प्रत्यक्षात ३२ असू शकतात.

दुसरी गोष्ट इंजेक्टरची माहिती: त्याचा प्रवाह आणि वेगवेगळ्या व्होल्टेजला त्याला उघडायला लागणारा वेळ. एसी आणि रेडिएटरचा पंखा एकदम सुरू झाला की व्होल्टेज खाली येते, इंजेक्टर उशिरा उघडतो, आणि ही भरपाई ईसीयूत नसेल तर आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाची संथ चाल) डगमगते. नागपुरात एसी आणि पंखा सुरू नसतानाचे आयडल जुळवून गाडी ताब्यात देणे म्हणजे अर्धेच काम करणे होय. तिसरी गोष्ट अर्थिंग. सेन्सरची अर्थ वायर बॉडीला जोडण्याऐवजी ईसीयूकडेच परत नेली पाहिजे. नाहीतर तापमान, दाब सगळेच आकडे थरथरतात आणि दोष उगाच मॅपच्या माथी मारला जातो.

त्यानंतर व्हीईचा तक्ता. यासाठी वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लागतो. बॉशचा एलएसयू ४.९ हा सर्रास वापरला जातो. गाडीत मूळ असलेला नॅरोबँड सेन्सर मिश्रण लॅम्डा १ च्या अलीकडे आहे की पलीकडे एवढेच सांगतो, किती ते सांगत नाही. पद्धत सोपी आहे: इंजिन एका वेगाला आणि एका भाराला स्थिर धरायचे, वाचलेला लॅम्डा लक्ष्याच्या लॅम्डाने भागायचा आणि त्याने तिथला व्हीई गुणायचा. तक्त्यात ७२ असेल, लक्ष्य ०.९५ असेल आणि सेन्सर १.०२ दाखवत असेल, तर तिथे ७७ हवे. लॅपटॉप हे गुणाकार आपोआप करून देतो, आणि धोकाही तिथेच आहे. मिसफायर झाले, म्हणजे मिश्रण पेटलेच नाही, तर न जळलेला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये येतो आणि सेन्सर लीन दाखवतो, मिश्रण रिच असले तरीही. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या जोडाला गळती असेल, तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन तोच भास होतो. अशा वेळी संगणक निमूटपणे पेट्रोल वाढवत जातो, प्लग काळे पडतात, मिसफायर आणखी वाढते. माझ्या मते आपोआप दुरुस्तीची सोय ही तक्त्याचा खडबडीत आकार मिळवण्यापुरती वापरावी आणि नंतरचा प्रत्येक कप्पा डोळ्यांखालून घालावा. शेजारच्या कप्प्यांत ६८ आणि ७० असताना मध्येच ८३ आला असेल, तर तो इंजिनाचा स्वभाव नसून मोजमापातली खोट असण्याची शक्यता जास्त.

व्हेरायटी चौकातला सिग्नल

उन्हाळ्यात नागपुरात स्वतंत्र ईसीयू बसवलेल्या गाडीची एक ठरावीक तक्रार असते. दुपारी सीताबर्डीतल्या व्हेरायटी चौकाच्या गर्दीत गाडी दीड-दोन मिनिटे सिग्नलला उभी राहते, हिरवा दिवा लागतो, क्लच सोडला की इंजिन गचके देते किंवा बंदच पडते, आणि थोडे अंतर गेल्यावर पुन्हा नीट चालू लागते. मालक पेट्रोल पंप बदलतो, प्लग बदलतो, फिल्टर बदलतो. दोष मात्र बहुतेकदा हवेच्या तापमानाच्या सेन्सरपाशी असतो. हा सेन्सर ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्ये घट्ट बसवलेला असला, तर गाडी उभी असताना तो हवेऐवजी धातूचे तापमान सांगू लागतो. आत जाणारी हवा ५० अंशांची असते, सेन्सर ७५ सांगतो, ईसीयू हवा विरळ झाली असे समजून पेट्रोल ७ टक्क्यांनी कमी करतो, आणि मिश्रण लीन होते. गाडी वेग घेते, थंड हवा सेन्सरवरून वाहू लागते आणि लक्षण नाहीसे होते.

उपाय दोन पातळ्यांवर करावा लागतो. सेन्सर उघड्या टोकाचा, पटकन प्रतिसाद देणारा निवडून तो धातूऐवजी प्लास्टिकच्या किंवा रबरी इनटेक पाइपमध्ये, इंजिनापासून थोडा दूर बसवावा. टर्बो असेल तर तो इंटरकूलरच्या नंतर हवा. शिवाय ईसीयूमध्ये हवेच्या आणि कूलंटच्या तापमानाचे मिश्रण करण्याची सोय असते. हवेचा प्रवाह कमी असताना सिलिंडरपर्यंत पोहोचणारी हवा वाटेत तापतेच, त्यामुळे आयडलला कूलंटला थोडे अधिक वजन आणि वेगात सेन्सरला जवळजवळ सर्व वजन, अशी मांडणी करून लॉग, म्हणजे ईसीयूने टिपलेल्या आकड्यांची नोंद, पाहत ती जुळवावी लागते. हे काम थंडीत करताच येत नाही. नवतपाच्या दिवसांत, म्हणजे २५ मेच्या सुमारास, बोनेट बंद ठेवून, एसी सुरू ठेवून, गर्दीच्या रस्त्यावर घेतलेला एक लॉग हिवाळ्यातल्या कितीतरी फेऱ्यांपेक्षा अधिक शिकवतो.

ठिणगी आणि नॉक

पेट्रोलची चूक बहुतेक वेळा धूर, गचके, वास यांतून कळते. ठिणगीची चूक शांतपणे पिस्टन फोडते, म्हणून या भागाकडे सर्वांत जास्त लक्ष दिले पाहिजे. मिश्रण पेटल्यापासून दाब शिगेला पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे पिस्टन वर पोहोचण्याआधीच ठिणगी टाकावी लागते. ती अशा बेताने टाकायची की सर्वाधिक दाब पिस्टन वरच्या टोकावरून साधारण १२ ते १६ अंश खाली सरकल्यावर यावा. टायमिंग वाढवत नेले, म्हणजे ठिणगी आणखी आधी टाकली, की टॉर्क वाढतो, मग वाढ मंदावते आणि थांबते. डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच भाराखाली चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, इंजिन एका वेगाला धरून एक-एक अंश वाढवत हा बिंदू शोधता येतो, आणि टॉर्क वाढेनासा झाला की तिथून दोन अंश मागे येणे हा सुज्ञपणा आहे, कारण शेवटच्या दोन अंशांत मिळत काहीच नाही, जोखीम मात्र वाढते.

कॉम्प्रेशन वाढवलेल्या किंवा टर्बो लावलेल्या इंजिनात तो बिंदू येण्याआधीच नॉक सुरू होते. ज्वाला पसरत असताना कडेला उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःहून एकदम पेटते आणि दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. डब्यात खडे खुळखुळावेत तसा हा आवाज असतो, पण मोकळ्या एक्झॉस्टच्या गोंगाटात तो कानाला लागत नाही. म्हणून ब्लॉकवर बोल्टने घट्ट बसवलेला नॉक सेन्सर आणि हेडफोन वापरतात. आवाजाची वारंवारता सिलिंडरच्या व्यासावर ठरते. ७४ मिलिमीटर व्यासाच्या जिप्सीच्या सिलिंडरसाठी ती सुमारे ७.७ किलोहर्ट्झ येते, आणि ईसीयूतील फिल्टर त्याच ठिकाणी लावावा लागतो. प्लगही साक्ष देतो. पूर्ण थ्रॉटलची एक फेरी झाल्यावर लगेच इंजिन बंद करून प्लग काढावा आणि त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर भिंगातून पाहावे. तिथे मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके किंवा चंदेरी बारीक कण दिसले, तर ते कण पिस्टनचे ॲल्युमिनियम आहेत आणि काम तिथेच थांबवायला हवे.

हवा तापली की नॉकची शक्यता वाढते. म्हणून हवेच्या तापमानानुसार टायमिंग मागे घेणारा छोटा तक्ता नागपूरच्या गाडीत भरलेलाच असला पाहिजे. अनेक ट्यूनर ४० ते ४५ अंशांपासून पुढे दर ५ ते १० अंशांना एक अंश टायमिंग कमी करत जातात. पुण्यात किंवा बंगळूरमध्ये २५ अंशांच्या हवेत डायनोवर उत्तम निघालेला मॅप हा तक्ता रिकामा ठेवून नागपुरात आणला, तर मे महिन्यात तो धोकादायक ठरतो. ई-२० इथे थोडी मदत करते, कारण इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८ आहे आणि बाष्पीभवन होताना ते मिश्रण थंडही करते. पण त्या भरवशावर टायमिंग ताणले आणि एखाद्या वेळी कमी इथेनॉलचे इंधन टाकीत आले, तर संरक्षण नाहीसे होते. फ्लेक्स फ्युएल सेन्सर इंधनाच्या नळीत बसवला तर हा प्रश्न सुटतो. तो शून्य टक्के इथेनॉलला ५० आणि शंभर टक्क्यांना १५० हर्ट्झचा संदेश देतो, ई-२० ला म्हणजे ७० हर्ट्झ. टर्बो इंजिनासाठी हा खर्च मी अनावश्यक मानत नाही.

हे सर्व काम डायनोवर व्हायला हवे. समृद्धी महामार्ग शहराच्या दाराशी असल्यामुळे पहाटे तिथे पूर्ण थ्रॉटलचे लॉग घेण्याचा मोह होतो, आणि तो टाळलाच पाहिजे. एक डोळा लॅपटॉपवर आणि एक रस्त्यावर ठेवून चालवलेली गाडी इतरांच्या जिवाशी खेळते. रस्त्यावर फक्त आयडल, थंड स्टार्ट, हलका प्रवासी वेग आणि थ्रॉटल अचानक उघडल्यावरचे पेट्रोल एवढेच जुळवावे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने नव्याने लिहिलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्हींची तरतूद आहे. टर्बो लावलेले इंजिन ट्रॅकवर आणि स्पर्धेत चालवायचे असते. ज्याची गाडी रस्त्यावरही धावते, त्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नये आणि आयडलपासून प्रवासी वेगापर्यंत लॅम्डा १ ठेवावा. बीएस-४ आणि पुढील पेट्रोल गाड्यांच्या पीयूसी तपासणीत वाढीव आयडलवर लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या आत असावा लागतो.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ईसीयूची संरक्षणे भरली आहेत का, ते मालकाने स्वतः पडद्यावर पाहावे. ऑइलचा दाब आरपीएमच्या मानाने कमी झाला तर इंजिन बंद होणे, कूलंट १०५ अंशांपुढे गेले तर आरपीएमची मर्यादा खाली येणे, बूस्टमध्ये लॅम्डा लक्ष्यापेक्षा लीन झाला तर इंधन तोडणे, या तीन गोष्टी नसतील तर काम पूर्ण झालेले नाही. मॅपची फाइल, तिचा पासवर्ड, वायरिंगचा आराखडा आणि इंजेक्टरची माहिती लेखी मागून घ्यावी. काही ट्यूनर फाइल कुलूपबंद ठेवतात, आणि सहा महिन्यांनी साधा सेन्सर बदलला तरी मालकाला त्यांच्याचकडे जावे लागते. पासवर्ड देण्यास नकार असेल, तर ते पैसे देण्याआधी कळलेले बरे. आणि हिवाळ्यात काम झाले असेल, तर मे अखेरीस पुन्हा एकदा लॉग तपासून देण्याचे कामाच्या ठरलेल्या रकमेतच बोलून घ्यावे.